दोनास एक

सकाळी ७:४५
मफल फर्नेसवर ५८ हा आकडा दिसतोय. काल रात्री ४५० अंशांवर दोन तास भाजलेल्या काचा आतच निवताहेत. घाईनं दार उघडलं की गार हवेनं काच तडकते, म्हणून आकडा पन्नासाच्या खाली येईपर्यंत मी दाराला हात लावत नाही. तोवर वही उघडून तारीख घालते.

चिमट्यानं पहिली काच काढून खिडकीशी धरली. हळदीच्या दुधासारखा पिवळा, एकसारखा थर. हे बिस्मथ व्हॅनॅडेट. उजेडातला निळा-जांभळा भाग ते शोषून घेतं, म्हणून उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. त्या शोषलेल्या उजेडाच्या बळावर पाणी फोडायचं आणि निघालेला हायड्रोजन इंधन म्हणून साठवायचा, यासाठी आमची ही खोली आहे. चारपैकी एका काचेची कड पांढुरकी पडलीय, ती बाजूला ठेवली. तीन चालतील.

९:००
एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आली. उद्याच्या काचा धुण्याचं काम तिच्याकडे आहे: साबणाचं पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेवटी शुद्ध पाणी, आणि प्रत्येकात पंधरा मिनिटं सोनिकेटरमध्ये. या काचेच्या एकाच बाजूला वीजवाहक थर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मल्टिमीटरची टोकं टेकवायची. एका बाजूला थोडे ओहम दिसतात, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पहिल्या वर्षी मी एकदा आठ काचांवर उलट्या बाजूनं थर दिला होता. दोन दिवस वाया गेले. म्हणून तिला सांगते, "आधी मीटर, मग पिपेट."

१०:१५
बाहेर जुलैचं आभाळ भरून आलंय, पण आमचा सूर्य झेनॉनच्या दिव्यात असतो. तो स्थिर व्हायला अर्धा तास लागतो. मग सिलिकॉनचा प्रमाणित सेल समोर ठेवून दिवा पुढेमागे सरकवायचा, चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट भरेपर्यंत. आमच्या भाषेत 'वन सन'. हा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून मी तो रोज नव्यानं लावते. कालचा गृहीत धरत नाही.

तोवर पाणी फोडायच्या सेलमध्ये आरगॉनचे बुडबुडे सोडून आतली हवा हाकलणं चालू आहे. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी सिलिंडर कालच बदलून दिला.

११:००
आधी छोटी परीक्षा. दोन-दोन सेकंदांनी शटर उघडायचं, मिटायचं. उजेड पडला की पडद्यावरची रेषा टुणकन वर जाते, अंधार झाला की खाली येते. काच जिवंत आहे. प्रवाह दोन मिलिअँपिअरच्या आसपास. या पदार्थानं शोषलेल्या प्रकाशाचा कण न् कण कामी आला, तर एका चौरस सेंटिमीटरला साडेसात मिळायला हवेत. मधले साडेपाच कुठे गळतात, हाच माझ्या पीएच.डी.चा प्रश्न. शिवाय यातले इलेक्ट्रॉन हायड्रोजन तयार करायला ऊर्जेनं किंचित कमी पडतात, म्हणून बाहेरून थोडा विद्युतदाब द्यावा लागतो. तेवढी वीज हिशोबातून वजा करायची, लपवायची नाही.

शटर उघडलं. आता एक तास.

दुपारी १२:१५
दोन मिलिअँपिअर तासभर वाहिले तर हायड्रोजन किती? गणितानं ३७ मायक्रोमोल, म्हणजे एक मिलिलिटरही नाही. अंगठ्याच्या नखाएवढ्या काचेची तासाची कमाई तेवढी. सिरिंजनं वायूचा नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडला. आधी हायड्रोजनचं शिखर आलं, अपेक्षेजवळ. मग ऑक्सिजन, अपेक्षेच्या दीडपट.

"ताई, ऑक्सिजन तर जास्त आलाय! चांगलंच ना?"

"थांब, पुढचं शिखर येऊ दे."

पुढचं शिखर नायट्रोजनचं होतं, आणि चांगलं उंच. पाण्यात दोन हायड्रोजनमागे एकच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जास्तीचा ऑक्सिजन पाण्यातून येणं शक्य नाही. हवेत मात्र ऑक्सिजनच्या जवळपास चौपट नायट्रोजन असतो, आणि इथे जास्तीच्या ऑक्सिजनशी तो त्याच प्रमाणात आहे. हवा आत शिरली. सेलवरचं रबरी बूच काढून उजेडात धरलं. सुया टोचून टोचून मधोमध बारीक चीर पडली होती. तिनं ती बोटानं चाचपून पाहिली. पुस्तकात हे सापडत नाही.

हवेतला ऑक्सिजन वजा करून आकडा सरळ करता आला असता. पण बूच बदलणं एवढं सोपं असताना वजाबाकी कशाला करायची?

१:३०
डबा. वडिलांचा फोन आला, युरियाची गोणी मिळाली म्हणाले. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि अलिबागजवळ थळच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड निघतोच. माझं काम काय, असं घरी विचारतात तेव्हा मी त्या गोणीपासूनच सुरुवात करते.

२:१५
नवं बूच, पुन्हा अर्धा तास आरगॉन, पुन्हा एक तास उजेड.

४:००
नायट्रोजनची रेषा जवळजवळ सपाट. हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एकाला जरा कमी. थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळून राहतो, तेवढी तूट समजते. तिनं स्वतः भागाकार करून पाहिला, मग पुन्हा एकदा केला.

चहा घेताना तिला १९७२ सालची गोष्ट सांगितली. फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडलं. पण त्याला अतिनील किरणच लागतात, आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. म्हणून जग पिवळ्या, लाल, काळ्या पदार्थांकडे वळलं. आणि त्याच्याही आधी, १९१२ मध्ये चामिचान या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या भाषणात कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उद्योगांचं चित्र मांडलं होतं. एवढ्या जुन्या रांगेत आपण उभ्या आहोत, हे तिला कळावं असं मला मनापासून वाटतं.

५:३०
ग्रुप मीटिंग. मी दोन्ही आलेख दाखवले, चिरलेल्या बुचाचा आणि नव्या बुचाचा. सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अंधारात काय येतं?"

"आत्ता लावते, सर."

७:००
तीच काच, तेच द्रावण, तोच विद्युतदाब, फक्त शटर बंद. तासाभरानं नमुना घेतला. जिथे हायड्रोजनचं शिखर यायला हवं तिथे काहीच नाही, नुसती आडवी रेषा. म्हणजे दुपारचा हायड्रोजन उजेडानंच दिला होता.

रात्री ८:३०
उद्याच्या काचांवर थर चढवून त्या फर्नेसमध्ये ठेवल्या. मिनिटाला दोन अंश, ४५०पर्यंत. वहीत सकाळचा फसलेला प्रयोगही आकड्यांसकट लिहिला, शेजारी चीर गेलेलं बूच चिकटपट्टीनं लावलं. तिनं खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: 'बूच दर दहा टोचण्यांनंतर बदलणे.'

आरगॉनचा व्हॉल्व्ह बंद केला, दिव्याचा पंखा थांबेपर्यंत थांबलो, आणि निघालो.