एका छत्रीवर दोन टीव्ही: साधा स्प्लिटर का चालत नाही?

हॉलमध्ये डीटीएच आहे, आता बेडरूममध्येही टीव्ही हवा आहे. अनेक जण केबलचा स्प्लिटर आणून छत्रीची वायर दोन बॉक्सना जोडतात. मग हॉलमध्ये चॅनेल बदलले की बेडरूममध्ये ‘नो सिग्नल’ दिसू शकते. बिघाड टीव्हीत नसतो, जोडणीत असतो.

नेमके काय होते?

उपग्रहावरून येणाऱ्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या असतात. छत्रीपुढच्या एलएनबीला वीज सेट टॉप बॉक्सकडूनच, त्याच वायरमधून मिळते. १३ व्होल्टला उभ्या लहरी पकडल्या जातात, १८ व्होल्टला आडव्या. एकाच वायरवर दोन बॉक्सनी वेगवेगळी मागणी केली, तर १८ व्होल्टची सरशी होते. दुसऱ्या बॉक्सची चॅनेल्स गायब!

मग काय करायचे?

• छत्री तीच ठेवा. दोन टीव्हींसाठी ट्विन, चारसाठी क्वाड एलएनबी बसवून घ्या.

• प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स आणि एलएनबीपासून स्वतंत्र आरजी-६ वायर हवी. मध्ये जोड नको.

• कनेक्टर लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. मधली तार बाहेरच्या जाळीला लागली तर शॉर्ट होते.

• गच्चीवरच्या कनेक्टरला वॉटरप्रूफ टेप गुंडाळा, पावसाचे पाणी आत जाणार नाही.

दोन्ही खोल्यांत एकाच वेळी एकच चॅनेल पाहायचे असेल, तर दुसरा बॉक्सही नको. एचडीएमआय स्प्लिटरवर काम भागते. वेगवेगळी चॅनेल्स हवी असतील, तर नवे कनेक्शन घेण्याआधी त्याच खात्यावर ‘मल्टी टीव्ही’चा दर विचारा.