साडेतीन महिन्यांच्या बाळाचे दोन डोळे

साडेतीन महिन्यांची लस टोचायला आलेले बाळ जरा निरखून पाहा. दीड महिन्याच्या लसीच्या वेळी त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर जेमतेम ठरत होती. आता समोर किल्ल्यांचा जुडगा धरला तर ते टक लावते, पाय झाडते, दोन्ही हात पुढे करते, आणि एखाद्या वेळी हात नेमका जुडग्याला लागतोसुद्धा. सोबत आलेली आजी कौतुकाने सांगते, "धरायला शिकतंय आता." आजीचे खरेच आहे, पण धरण्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडलेली असते. जुडगा किती लांब आहे, हे बाळाच्या मेंदूला कळू लागलेले असते.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर उमटणारे चित्र सपाट असते, कागदावरच्या फोटोसारखे. त्यातून जवळ काय आणि लांब काय, हे मेंदू शोधून काढतो. त्याची सर्वात अचूक युक्ती दोन डोळ्यांवर चालते. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण 6 सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते. या दोन चित्रांतला बारीक फरक मोजून मेंदू अंतर ठरवतो. पटत नसेल तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. किंवा दोन हातांत दोन पेन्सिली घ्या आणि टोकाला टोक लावायचा प्रयत्न करा.

नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. महिन्याभराचे झाले की चेहऱ्यावर झपकन काही चालून आले तर ते डोळे मिटू लागते. म्हणजे हालचालीवरून जवळ-लांब ओळखणे आधी येते. दोन डोळ्यांची युक्ती येते तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात, आणि ती बऱ्यापैकी अचानक येते. काही आठवड्यांपूर्वी प्रयोगात काहीच प्रतिसाद न देणारे बाळ आता तो स्पष्ट देते. 'पुढची वस्तू मागचीला झाकते', 'लांबचे लहान दिसते' हे चित्रकाराचे नियम त्याला त्यानंतर, साधारण पाचव्या ते सातव्या महिन्यात उमजतात.

ही युक्ती वय भरले की आपोआप येते, की पाहून पाहून येते? हंगेरीतल्या पेच विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी मुदतीपूर्वी जन्मलेली बाळे तपासली. 2012 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या बाळांचा मेंदूही जन्मानंतर जवळजवळ तितक्याच महिन्यांनी दोन्ही डोळ्यांची चित्रे जोडू लागला होता. गर्भधारणेपासून मोजले तर तो पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा पुढे होता. म्हणजे घड्याळ सुरू होते ते डोळे उघडून जग पाहायला लागल्यावर. आणि पाहण्यात अडथळा असेल तर?

त्याचे उत्तर डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1960 च्या दशकात मांजरांच्या पिल्लांवर शोधले. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे मिटून ठेवला, तर नंतर उघडल्यावर डोळा ठणठणीत असूनही मेंदू त्याला जुमानत नसे. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर काहीच बिघडत नसे. दोघांना 1981 मध्ये नोबेल मिळाले ते मेंदू दृष्टीची माहिती कशी हाताळतो यावरच्या कामासाठी. माणसाच्या बाळातही असेच होते. एका डोळ्यावर जन्मजात मोतीबिंदू असेल किंवा एक डोळा सतत तिरळा असेल, तर मेंदूकडे न जुळणारी दोन चित्रे येतात. मेंदू त्यातले एक सोडून देतो. यालाच आम्ही आळशी डोळा म्हणतो. नाव जरा अन्यायाचे आहे. आळस डोळ्याचा नसतोच.

आता या विज्ञानाची गाठ आपल्या घरातल्या समजुतींशी पडते. तिरळे मूल भाग्याचे, नशीब काढते, असे मानणारी माणसे नवी मुंबईच्या टॉवरमध्येही भेटतात. दुसरा सल्ला 'मोठं झालं की आपोआप सरळ होईल' हा. यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे सुटतात, ते चालते. नाकाचे हाड बसके आणि रुंद असल्यामुळे काही बाळे नुसती तिरळी दिसतात, प्रत्यक्षात नसतात. पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडे पाहून तर कुणीच तिरळे होत नाही. पण एक डोळा सतत तिरका राहत असेल, किंवा चौथा महिना संपल्यावरही तिरळेपणा दिसत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवे. डोळे दोन वर्षांच्या आत सरळ झाले तर दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची क्षमता थोडीफार तरी मिळण्याची शक्यता वाढते. नंतरच्या शस्त्रक्रियेने डोळा दिसायला सरळ होईल. मेंदूने जे जोडायचे सोडले ते परत जोडेलच असे नाही.

मोतीबिंदूला तर याहून कमी सवड असते. एका डोळ्यावर दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दीड-दोन महिन्यांतच व्हावी लागते. घरी ओळखण्याची खूण सोपी आहे. बाहुली काळी न दिसता पांढुरकी दिसते, किंवा फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल चमक येते आणि दुसऱ्यात पांढरी. कधी फोटोच्या कोनामुळेही असे होते, पण ते आपण घरी ठरवू नये. पांढरी चमक क्वचित डोळ्यातल्या कर्करोगाचीही असते.

आमच्या भागात एक वेगळीच अडचण आहे. तुर्भे, कोपरखैरणे, ऐरोलीतल्या कितीतरी लेकी-सुना बाळंतपणाला सातारा, सांगलीकडे माहेरी जातात आणि तीन-चार महिन्यांनी परततात. पहिल्या लसी तिकडे, पुढच्या इकडे. लसीचे कार्ड बरोबर येते, पण 'डोळे कुणी पाहिले का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसते. तिकडच्यांना वाटते इकडे पाहतील, इकडच्यांना वाटते तिकडे पाहिले असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात मोतीबिंदू आणि मुदतपूर्व बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार, दोन्ही त्याच्या यादीत आहेत. सोय आहे. आईने लसीच्या रांगेत "बाळाचे डोळेही बघता का?" एवढे विचारले तर ती वापरात येईल. बाळ 34 आठवड्यांच्या आधी जन्मले असेल किंवा वजन 2 किलोपेक्षा कमी असेल, तर पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत करायची असते. तिथे माहेर-सासर बघत बसू नये.

डोळे ठीक असले, अंतर कळू लागले, की बाळ पडण्यापासून स्वतःला जपेल, असे मात्र समजू नका. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी जाड काचेचे टेबल बनवले. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचे कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. काचेवरून पाहिले तर जणू खड्डाच. साडेसहा ते चौदा महिन्यांची 36 बाळे मधल्या फळीवर ठेवली आणि आयांना पलीकडून बोलवायला सांगितले. 27 बाळे फळीवरून उतरून रांगली, पण खड्ड्याच्या बाजूला गेली फक्त तीन. पुढे 1970 मध्ये जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी दोन महिन्यांच्या बाळांना त्या काचेवर ठेवले, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. मंद ठोके ही घाबरण्याची खूण नव्हे; बाळ काहीतरी नवे निरखत असल्याची आहे. फरक कळत होता, भीती नव्हती. भीती येते ती काही आठवडे रांगून झाल्यावर. आणि रांगताना आलेली ही अक्कल उभे राहून चालू लागल्यावर बाळाला जवळजवळ पुन्हा नव्याने शिकावी लागते.

म्हणून नऊ महिन्यांच्या, गोवर-रुबेलाच्या लसीला आलेल्या आयांना मी पलंगाबद्दल विचारतो. कडेला उशा रचून बाळाला निजवणे हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे; रांगत्या बाळाला त्या उशा म्हणजे चढायची पायरी. त्यापेक्षा खाली जमिनीवर गादी घाला, आणि खिडकीच्या ग्रिलखाली दिवाण किंवा टेबल ठेवले असेल तर ते आजच तिथून हलवा.