त्रयी, तेविज्ज आणि तिफण

रोज पहाटे वसतिगृहातील मुले त्रिसरण म्हणतात, तेव्हा 'तीन' हा अंक त्यांच्या ओठी सहज येतो. त्या अंकामागील इतिहास त्यांच्या हाती देणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

'त्रिसरण' या शब्दातील 'त्रि' संस्कृत, 'सरण' मात्र पाली. मूळ पाली रूप 'तिसरण'. त्याला कोणी अशुद्ध म्हणून हिणवले, तर विद्यार्थ्यांनी गावाकडची तिफण आठवावी. तीन फणांची ती तिफण, तीन वाटा मिळतात तो तिठा. श्रमकऱ्यांच्या मराठीने पालीप्रमाणेच 'ति' जपला आहे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी कान्हेरीच्या लेण्यांत आपली दाने कोरून ठेवली, तीही प्राकृतातच.

शब्दाच्या रूपाहून त्याच्या अर्थाचा इतिहास अधिक बोलका आहे. प्राचीन ग्रंथांत 'त्रयी' म्हणजे ऋक्, यजुस् आणि साम हे तीन वेद. कौटिल्याने चार विद्यांत त्रयीची गणना केली आहे. तीन वेद जाणणारा तो 'त्रैविद्य', पालीत 'तेविज्ज'. या विद्येची दारे शूद्रांना बंद होती. वेद ऐकणाऱ्या शूद्रासही धर्मसूत्रांनी शिक्षा सांगितली.

तथागतांनी हा शब्द टाकून दिला नाही. त्याचा आशय बदलला. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात ते तरुण वासेट्ठाला विचारतात, की तीन वेद जाणणाऱ्यांपैकी कोणी ब्रह्मा प्रत्यक्ष पाहिला आहे काय? बौद्ध परंपरेत तेविज्ज तो, ज्याला पूर्वजन्मांची स्मृती, प्राण्यांच्या च्युती-उत्पत्तीचे ज्ञान आणि आसवांच्या क्षयाचे ज्ञान झाले. थेरगाथेतील सुनीत हा वाळलेली फुले झाडून काढणारा, हीन मानलेल्या कुळातील. त्याला या तिन्ही विद्या एकाच रात्री प्राप्त झाल्या.

पूर्वजन्माच्या कल्पनेची बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात कठोर चिकित्सा केली, हे आम्ही विसरत नाही. आम्हांस महत्त्व वाटते ते अधिकाराचे. जी 'त्रयी' जन्माने मिळत होती, ती 'तेविज्ज' होताच प्रयत्नाने मिळू लागली. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तीन तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे सांगितले, तेही याच वाटेवरचे पाऊल होते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्थिरावलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरात पाटी धरणारी ती पहिलीच पिढी. त्यांनी आपल्या मुलांना एवढे अवश्य सांगावे : शब्द कोणाच्याही मालकीचा नसतो, जो त्याला अर्थ देतो, त्याचा तो होतो.