'पडला' असं सांगू नका

पोर रोज शाळेच्या वेळेलाच पोट धरून बसतं, रविवारी मात्र काही दुखत नाही. ओवा देण्याआधी त्याचे तळहात आणि पोटऱ्या बघा.

'आम्हीही छड्या खाल्ल्या, म्हणून शिकलो,' असं आपल्याच वस्तीतली मोठी माणसं सांगतात. पण कानाखाली जोरात बसली की कानाचा पडदा फाटू शकतो. कान वाजतो, कमी ऐकू येतं, कधी रक्त येतं. अशा कानात तेल घालू नका, पाणी जाऊ देऊ नका. शंभरेक उठाबशांनंतर मांड्या सुजल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाला धोका असतो.

दवाखान्यात आई म्हणते, 'पडला.' ड्रेसिंग करताना हे आम्ही किती वेळा ऐकलं! शाळेतून काढतील ही भीती. मग केस पेपरवरही 'पडला'च राहतं, आणि तक्रारीचा पुरावा जातो. खरं कारण सांगा, लिहायला लावा, कागद जपा.

शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७ प्रमाणे मारायला बंदी आहे, मानसिक छळालाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं; आज कुणी पोराला जातीवरून टोमणा मारला, तर तोही छळच. आणि कलम १६ म्हणतं, आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, त्यांनाही एक प्रत द्या. अडचण आली तर १०९८ लावा. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.