प्रशिक्षणाचे वजन कोणत्या काट्यावर?

सभासद बंधू-भगिनींनो,

प्लॉट बघायला बांधावर आलो की उसाचे बोलणे लवकर संपते आणि घरच्या पोराचा विषय निघतो. "साहेब, पोराचा सरकारी प्रशिक्षणाला नंबर लागलाय. धाडू का?" हो की नाही, हे मी सांगू शकत नाही. योजना कशी पारखावी, एवढे मात्र सांगता येते.

लागण किती केली यावर आपण पीक ठरवत नाही. काट्यावर किती टन आला ते बघतो. योजनांचे उलटे चालते. किती जण शिकले, किती प्रमाणपत्रे वाटली, हेच आकडे आधी पुढे येतात. ही झाली लागणीची नोंद.

जुना दाखला घेऊ. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवण्यासाठी केंद्र सरकारने 1979 साली 'ट्रायसेम' योजना सुरू केली. 1993 साली सरकारनेच पाहणी केली, तेव्हा शिकलेल्यांपैकी सुमारे 47 टक्के बेकारच होते. सुमारे 33 टक्क्यांनी स्वतःचा धंदा धरला होता. त्यातही काहींनी शिकलेला सोडून दुसराच. 1999 साली ती योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली.

मग ते 33 टक्के तरी योजनेचे यश म्हणावे का? नवीन खत बघताना आपण शेजारी एक वाफा बिनखताचा ठेवतो. दोन्हींत जो फरक पडेल, तेवढाच खताचा गुण. तसेच, सारख्याच घरच्या न शिकलेल्या पोरांपैकी किती जण कामाला लागले, हे पाहिल्याशिवाय योजनेचा गुण कळत नाही. मुळातच हुशार पोरे निवडली, तर यश रानाचे आणि नाव खताचे!

विद्यावेतनावरही भुलू नये. 2024 साली राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली, तेव्हा शिक्षणाप्रमाणे महिना 6 ते 10 हजार रुपये आणि मुदत 6 महिने होती. मुदत संपल्यावर काय, हा खरा प्रश्न.

म्हणून पोराला धाडण्याआधी तीन गोष्टी विचारा:

1. मागच्या तुकडीतले किती जण वर्षानंतरही कामावर आहेत? दोघा-तिघांना समक्ष भेटा.

2. यंत्रावर हात किती वेळ चालवू देतात? नुसती वही भरून कसब येत नाही.

3. आपल्या भागात त्या कामाला गिऱ्हाईक आहे का? आमच्या गटातल्या एका सभासदाने खोडव्याच्या बिलातून पोराला वेल्डिंगचे यंत्र घेऊन दिले. गावात आधीच तीन वेल्डर. यंत्र आज पोत्याखाली आहे.

बेणे पारखून घेता, तसेच प्रशिक्षणही पारखून घ्या. उसाची लागण पुढच्या साली परत करता येते. पोराचे गेलेले वर्ष परत येत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी