आजोबांची फियाट कुर्ल्याला जाईल का?

अंबाजोगाईचा जुना गावभाग घ्या, नाहीतर केज, धारूर, माजलगाव. एखाद्या वाड्याच्या कोपऱ्यात किंवा मळ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरून एक गाडी उभी असते. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, सीटखाली मांजरीची पिल्लं. घरातली मोठी माणसं तिला अजूनही ‘फियाट’च म्हणतात. आजोबा तिच्यातून तुळजापूरला गेले होते, आत्याची पाठवणी तिच्यातूनच झाली होती. मग एक दिवस घरात विषय निघतो, “जागा अडलीये, भंगारवाल्याला बोलवा.”

दोस्तांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी अशी गाडी असेल, तर भंगारवाल्याला फोन लावायच्या आधी हे वाचा. ही गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ शकते आणि लांबही जाऊ शकते. कुठवर? तर थेट तिच्या माहेरी, मुंबईतल्या कुर्ल्याला.

माहेर कुर्ल्याचं, मूळ सोलापूरचं

या गाडीची कुंडली आपल्या बाजूचीच आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. विमान, जहाज आणि मोटार भारतात बनवायचं वेड घेतलेला हा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी काढली आणि कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९६४ मध्ये इथं ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली, तीच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावानं विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा स्टेअरिंगला. २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती अजून काही वर्षं धावली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मुंबईकरांना गलबलून आलं होतं.

आता कारखान्याच्या जागेवर टोलेजंग इमारती आहेत. ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढं उरलंय.

रोड ट्रिप नेमकी कोणी सुरू केली?

जुनी गाडी घेऊन लांब जायचं म्हटलं की घरचे विचारतात, “मध्येच बंद पडली तर?” उत्तर सोपं आहे. बंद पडणारच! जगातली पहिली लांबची मोटारसफरसुद्धा अशीच झाली होती.

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन निघाल्या. सोबत दोन शाळकरी मुलं. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. एका तारेचं इन्सुलेशन गेलं, तिथं मोज्याचा पट्टा वापरला. इंधन संपलं, तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रावण विकत घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी ढकललं. म्हणजे ज्याला आपण जुगाड म्हणतो, तो मोटारीइतकाच जुना आहे!

फार लांब कशाला जायचं? २०२३ मध्ये अहमदाबादचं ठाकोर कुटुंब १९५० सालची एमजी वायटी ही उघडी मोटार घेऊन इंग्लंडला निघालं. जिथं ती गाडी बनली, त्या ॲबिंग्डन गावापर्यंत. आखाती देश, इराण, तुर्कस्तान आणि पुढं युरोप ओलांडून ते तिथं पोहोचलेही. गाडीचं लाडाचं नाव काय, माहितीये? ‘लाल परी’. आपल्या एसटीचंच!

अहमदाबादची गाडी इंग्लंडला जाते, तर अंबाजोगाईची कुर्ल्याला का नाही जाणार? केज, नेकनूर, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, अहिल्यानगर, पुणे आणि मग खंडाळ्याचा घाट उतरून मुंबई. साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर. नवी गाडी एका दिवसात मारते, फियाटला दोन दिवस द्या.

खरा गुरू गॅरेजमध्ये बसलाय

आता मुद्द्याचं. ही ट्रिप पैशांवर होत नाही, ती माणसावर होते. आणि तो माणूस आपल्याच तालुक्यात आहे.

बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर शहराचा सगळा भार रस्त्यावर होता. एसटी, वडापच्या जीप, ट्रक, ट्रॅक्टर. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात निघतात, त्याही चाकांवरच. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ नाही, नवा पार्ट लगेच मिळत नाही आणि गाडी तर सकाळपर्यंत चालू व्हायलाच हवी. अशा अडचणीतून आपल्याकडचे मिस्त्री तयार झाले. आवाज ऐकून कुठला प्लग मारत नाही ते सांगणारे. या लोकांनी पुस्तक वाचलेलं नसतं, पण इंजिन मात्र अक्षरशः वाचलेलं असतं.

अडचण अशी की हे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. आजच्या गाडीत बिघाड शोधायला स्कॅनर लावतात आणि आख्खा भाग बदलतात. कार्ब्युरेटर खोलून साफ करणं, पॉइंटचा गॅप बसवणं ही कामं शिकायला त्यांच्याकडं कोणी येत नाही. शेडखालची फियाट भंगारात गेली, तर एक गाडी जाते. मिस्त्रीनं दुकान बंद केलं, तर तालुक्यातल्या सगळ्याच जुन्या गाड्या कायमच्या बंद पडतात. म्हणून सुट्टीतले दोन महिने त्यांच्या हाताखाली काढा. आयटीआय किंवा मेकॅनिकलवाल्यांनी तर नक्कीच. आधी ते तुम्हाला नुसते पाने धुवायला लावतील. धुवा!

इंजिन समजून घ्या

पेट्रोलच्या जुन्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि वेळेवर करंट. गाडी बंद पडली की मिस्त्री याच क्रमानं जातो. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येतंय का? हवेचा फिल्टर तुंबलाय का? प्लगला ठिणगी पडतेय का? ठिणगी नसेल तर डेल्कोचं झाकण उघडून पॉइंट बघायचे. ते काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासायचे आणि फिलर गेजनं गॅप लावायचा. हा गॅप अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. तेवढ्यावर साडेचारशे किलोमीटर अवलंबून!

आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी एक दुखणं होतं, ते म्हणजे व्हेपर लॉक. इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. चालती गाडी चढावर धापा टाकून थांबते. घाबरू नका. सावलीला लावा, बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा आणि थांबा. मात्र तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

दुसरी भानगड नव्या काळातली आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून बनतं. म्हणजे जो ऊस आपल्या जिल्ह्यातली माणसं तोडतात, त्याचाच अंश टाकीत येतो. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वॉशर, डायफ्रॅम त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेले आहेत. इथेनॉलनं ते फुगतात, चिरतात, आणि नळी गळून पेट्रोल गरम इंजिनावर पडलं तर आग लागू शकते. त्यामुळं निघण्याआधी इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्या. या कामात काटकसर नको.

घाटात शहाणपण

या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. म्हणून चढताना जो गिअर लागला, त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय काही जणांना असते. तसलं काही करायचं नाही. जुन्या गाडीला सीटबेल्ट नसेल तर चांगल्या कारागिराकडून बसवून घ्या. पन्नास-साठच्या पुढं काटा नेऊ नका आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

सोबत काय घ्याल? फॅन बेल्ट, प्लगचा सेट, पॉइंट आणि कंडेन्सर, कॉइल, पेट्रोलची नळी आणि क्लिपा, फ्यूज, वायर, इन्सुलेशन टेप, पाने, जॅक, हवा भरलेली स्टेपनी, दहा लिटर पाणी, आग विझवायचा छोटा सिलिंडर. पार्ट मिळत नसेल तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्यातली जुन्या पार्ट्सची दुकानं धुंडाळा. म्हणजे माहेरी पोहोचल्यावर तिथं खरेदीही होईल!

कागदं आधी, किल्ली नंतर

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी तर हवंच. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर थकलेला खर्च बराच निघतो, तो आधी विचारून घ्या. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसांच्या नावावर करणं हे पहिलं काम.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नोंदणी शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. मनसोक्त फिरायचं असेल तर साधी नोंदणीच टिकवून ठेवा.

हे सगळं वाचून खर्चाचा आकडा डोळ्यापुढं आला असेल. खरंय, ही हौस स्वस्त नाही. महाविद्यालयीन खिशाला एकट्यानं झेपणारी तर मुळीच नाही. चार मित्र, एक काका आणि एक मिस्त्री असा गट जमवा. एकदम कुर्ल्याचं नाव काढू नका. आधी गल्लीत एक चक्कर, मग अंबाजोगाई ते परळी, मग बीड. प्रत्येक फेरीत काहीतरी बिघडेल. ते वहीत लिहून ठेवा. पाचव्या फेरीला त्या वहीत तुमच्या गाडीचा स्वभाव उतरलेला असेल.

आणि येत्या रविवारी सकाळी एवढंच करा. ताडपत्री काढा, मांजरीची पिल्लं अलगद बाजूला ठेवा, बॉनेट उघडा. मग चहा सांगून मिस्त्रीकाकांना घरी बोलवा. ते आधी गाडीभोवती एक फेरी मारतील, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतील आणि विचारतील, “किती वर्षं उभीये, रे?”

खरं खरं सांगा.