विश्लेषण : वादळाचे उपग्रहचित्र मोबाइलवर आले, ते वाचायचे कसे?

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की अहिल्यानगर जिल्ह्यातील हवामानप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर ढगांच्या भोवऱ्याची चित्रे फिरू लागतात. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पण मे-जूनमध्ये इथल्या चाळींत कांदा असतो. पाऊस आत शिरला तर तो सडतो आणि उगाच ताडपत्री लावून चाळ बंद केली तर हवा कोंडूनही सडतो. म्हणून हे चित्र नीट वाचता येणे इथे नुसता छंद नाही.

‘निसर्ग’च्या वेळी काय झाले?

३१ मे २०२० रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले. २ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले. ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकले. जमिनीवर आल्यावर वादळाचा बाष्पाचा पुरवठा तुटतो, वारे मंदावतात; पाऊस मात्र लगेच थांबत नाही. जोर ओसरलेले ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत पुणे, नगर, नाशिकच्या पट्ट्यात शिरले. किनारा ओलांडला म्हणजे वादळ संपले, हा समज घाटमाथ्याच्या अलीकडे महागात पडू शकतो.

चित्रात नेमके काय दिसते?

भारताचे इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून सतत आपल्याच भागावर नजर ठेवतात. दृश्य प्रकाशातील चित्र फक्त दिवसा मिळते. अवरक्त चित्र रात्रीही मिळते. पण ते ढगाच्या माथ्याचे तापमान दाखवते, जमिनीवरचा पाऊस नव्हे. माथा जितका थंड, तितका ढग पांढरा. अडचण अशी, की खूप उंचावरचे विरळ तंतुमेघही थंडच असतात. तेही पांढरे दिसतात आणि त्यांतून शेतात थेंबही पडत नाही. दिवसा दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत : अवरक्त चित्रात ठळक, पण दृश्य चित्रात झिरझिरीत दिसणारा ढग बहुधा पोकळ असतो.

फसगत कुठे होते?

आधी वेळेत. चित्रावरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. ०६:०० म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. अनेकदा तर कालचेच चित्र ‘आत्ताचे’ म्हणून पुढे ढकलले जाते.

दुसरी फसगत मोठी. विंडीसारख्या ॲपवरचे वाऱ्याचे रंगीत भोवरे उपग्रहाने टिपलेले नसतात. ते संगणकीय प्रारूपाचे अंदाज असतात. पाच दिवसांनंतरचे भोवरे दाखवून ‘वादळ येतेय’ म्हणणे म्हणजे पेरणीआधीच काढणीचा हिशेब मांडणे.

शिवाय एकच पांढरा पट्टा अख्ख्या जिल्ह्यावर दिसला, तरी अकोल्यातील घाटघर आणि पर्जन्यछायेतील जामखेड इथला पाऊस सारखा नसतो. चाळीवर ताडपत्री टाकायची की नाही, हे ठरवायला हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांसाठीचा जिल्हानिहाय इशारा अधिक कामाचा. रडारचे चित्रही पाहावे. मात्र किनाऱ्यावरील रडारचा झोत सह्याद्री अडवतो, त्यामुळे नगरकडचे खालचे ढग त्यात कमी दिसतात.